बारशाची वाटी आणि बाटलीचा हट्ट

अंगावर पिणारे बाळ बाटली तोंडात धरत नाही, ही तक्रार आईची रजा संपायला तीन-चार आठवडे उरले की सुरू होते. घरात, शेजारी, पाळणाघरात आणि काही दवाखान्यांतही तिच्यावर जे उपाय सांगितले जातात, ते चार वाक्यांत मावतात. पहिल्याच महिन्यात बाटली द्या, नाहीतर बाळ ती कधीच घेणार नाही. घेत नसेल तर उपाशी ठेवा, भूक लागली की मुकाट्याने घेईल. तरीही नाही घेतली तर निपल बदला. आणि काहीच जमले नाही तर आतापासूनच अंगावरचे तोडा. चारही सल्ल्यांच्या बुडाशी एकच गृहीतक आहे: आई बाहेर पडणार असेल तर बाळाला बाटली आलीच पाहिजे. हे गृहीतकच चुकीचे आहे. आई नसताना बाळाला दूध हवे असते आणि ते दुसऱ्याच्या हातून प्यायला त्याने शिकायचे असते. बाटली हे त्यासाठीचे एक साधन आहे. ते एकमेव नाही आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांत सर्वांत सोयीचेही नाही.

बाळ बाटली का नाकारते हे कळल्याशिवाय या सल्ल्यांचे मोल ठरवता येत नाही. लुचताना बाळ नुसते स्तनाग्र धरत नाही. भोवतालचा काळसर भागही बराचसा तोंडात घेते. स्तनाग्र टाळूच्या मागच्या बाजूपर्यंत जाते, जीभ खाली जाते, तोंडात पोकळी तयार होते आणि दूध ओढले जाते. सुरुवातीला ते जेमतेम येते. थोडा वेळ लुचल्यावर पान्हा फुटतो, धार वाढते, ओसरते, पुन्हा वाढते. बाळ थांबले की दूधही जवळपास थांबते. बाटलीचा कारभार निराळा असतो. ती उलटी धरली की बाळाने ओढले असो वा नसो, दूध निपलमध्ये उतरते आणि चोखताच सलग येऊ लागते. आता जिभेला धार अडवायची असते, घोट गिळायचा असतो आणि त्यातूनच श्वासालाही वाट काढायची असते. ज्याने चार महिने एकच रीत गिरवली आहे, ते बाळ ही वस्तू जिभेने बाहेर ढकलते, चावते, तोंड फिरवते. याला घरात ‘नखरे’ म्हणतात. वास्तविक, आपल्याला येत नसलेले काम ते नाकारत असते. त्याच्याजवळ नकाराची जी साधने आहेत तीच ते वापरते.

पहिल्या सल्ल्यात, म्हणजे लवकर सुरुवात करण्याच्या आग्रहात, तथ्याचा अंश आहे. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत चोखणे ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. टाळूला काही लागले की बाळ चोखू लागते, मग ते बोट असो की निपल. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास ती क्रिया बाळाच्या इच्छेखाली येऊ लागते आणि तेव्हा नवी वस्तू नाकारणे त्याला जमते. म्हणून पाच महिन्यांच्या बाळापेक्षा सहा आठवड्यांच्या बाळाला बाटली देणे बहुधा सोपे जाते. पण यावरून ‘नंतर कधीच नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. इच्छेने जे नाकारता येते ते इच्छेने स्वीकारताही येते. तिसऱ्या महिन्यात बाटली थुंकणारे बाळ पाचव्या महिन्यात तीच हातात धरून पाहू लागते, हे अनेक घरांत दिसते. शिवाय त्या वयाला मान सावरलेली असते, ओठ पुढे करता येतात, आणि वाटीने किंवा छोट्या पेल्याने पिण्याची वाटही मोकळी झालेली असते.

लवकर बाटली देण्याची किंमतही या सल्ल्यात मोजलेली नसते. पहिल्या काही आठवड्यांत आईच्या दुधाचे प्रमाण मागणीवर ठरत जाते. जेवढे निघते तेवढे पुढे बनते. या काळात एखादी पाजण बाटलीने झाली आणि त्याच वेळी दूध काढून ठेवले नाही, तर शरीराला एका पाजणीची मागणी कमी झाल्याचे कळते. असे रोज होत गेले की दूध खरोखरच आटते, आणि मग ‘हिला दूधच पुरत नव्हते’ असा निवाडा मागून येतो. म्हणून बाटली द्यायचीच असेल तरी स्तनपान नीट बसेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, थांबावे असे सांगितले जाते.

येथे उलट टोकाचाही समाचार घ्यायला हवा. एकदा बाटली लागली की बाळ अंगावर घेणारच नाही, अशी भीती काही स्तनपानाचे पुरस्कर्ते घालतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये यशस्वी स्तनपानासाठी दहा पायऱ्या मांडल्या, तेव्हा नववी पायरी निपल आणि चोखणी देऊच नका असे सांगत होती. २०१८ च्या सुधारित मांडणीत तिचा सूर बदलला. बाटली, निपल आणि चोखणी यांचा वापर व धोके याबद्दल आईला समजावून सांगा, असे ती आता म्हणते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत बाटली टाळून वाटीने पाजल्यास स्तनपान टिकायला मदत होते, याला अभ्यासांचा आधार आहे. पूर्ण दिवसांच्या, अंगावर चांगल्या पिणाऱ्या, वजन वाढत असलेल्या बाळाचे स्तनपान मात्र एका बाटलीने कोसळत नाही. तेव्हा बाटलीविरुद्धचा युक्तिवाद भीतीवर उभा करायचे कारण नाही. त्याला सोयीचा आणि स्वच्छतेचा आधार पुरतो.

दुसरा सल्ला उपाशी ठेवण्याचा. चारांतला हा सर्वांत क्रूर, आणि व्यवहारातही सर्वांत निकामी. भुकेने कळवळून रडणाऱ्या बाळाची जीभ वर उचललेली असते, श्वास तुटक असतो, अंग ताठ झालेले असते. अशा अवस्थेत त्याला आधीपासून येणारे लुचणेही धड जमत नाही. म्हणून तर अनुभवी आया रडणाऱ्या बाळाला आधी खांद्यावर घेऊन शांत करतात आणि मगच अंगावर लावतात. मग न येणारी गोष्ट त्या क्षणी त्याला कशी येणार? उलट बाटली दिसणे आणि जीव कासावीस होणे यांची त्याच्या मनात गाठ पडते, आणि दुसऱ्या दिवशी ती नुसती समोर आणली तरी रडे सुरू होते. शिकवण्याची खरी वेळ याच्या नेमकी उलटी असते: झोपेतून नुकतेच उठलेले, खेळकर, अर्धवट भुकेले बाळ. दहा मिनिटे प्रयत्न करावा, कुरकुर वाढली की थांबावे, अंगावर पाजून टाकावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटे.

याच सल्ल्याचे एक धाकटे भावंड आहे: निपलला मध, साखर किंवा गूळ लावा. मधाच्या बाबतीत हे नुसते अनावश्यक नाही, धोक्याचे आहे. मधात बोटुलिझम घडवणाऱ्या जंतूंची बीजे असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती वाढत नाहीत, पण वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. म्हणून एक वर्षापर्यंत मध अजिबात द्यायचा नसतो. जन्मल्याबरोबर चाटवायचाही नाही आणि निपलला लावायचाही नाही. साखर-गुळाने गोडाची चटक लागण्यापलीकडे काही साधत नाही. अडचण चवीची असेल तर निपलला आईच्याच दुधाचा थेंब लावणे पुरेसे असते.

तिसरा सल्ला बाजाराला सर्वांत प्रिय आहे. एक निपल नाकारले की दुसरे, मग रुंद बुडाचे, मग वाकड्या टोकाचे, मग ‘अगदी आईसारखे’. काही घरांत कपाटाच्या एका खणात सहा-सात बाटल्या जमतात आणि बाळ त्यांतली एकही घेत नाही. रबर किंवा सिलिकॉनचा कोणताही आकार स्तनासारखा वागत नाही, कारण फरक आकारापेक्षा प्रवाहात आहे. निपल निवडताना एकच गोष्ट खरोखर पाहण्याजोगी असते: भोक लहान असावे, दूध सावकाश यावे. भारतात याबाबतचा कायदा पुरेसा स्पष्ट आहे. शिशु दुग्धपर्याय, दुग्धपान बाटल्या आणि शिशु आहार यांचे नियमन करणारा १९९२ चा कायदा १९९३ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. त्यानुसार दूध पाजण्याच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. बाटली विकता येते, तिची भलामण करता येत नाही. तरीही ‘बाळाला बाटलीची सवय कशी लावावी’ हा प्रश्न प्रत्येक आईपुढे अटळ कर्तव्यासारखा उभा राहतो. जाहिरात बंद झाली, पण तिने रुजवलेले गृहीतक नातेवाइकांच्या तोंडून फुकटात फिरत राहिले.

चौथा सल्ला सर्वांत महाग पडतो. ‘रजा संपायच्या आधी अंगावरचे तोडा, म्हणजे नाइलाजाने बाटली घेईल.’ यात साधनासाठी साध्याचाच बळी दिला जातो. बाळाला आईचे दूध मिळत राहावे म्हणून बाटली आणायची, आणि बाटली घ्यावी म्हणून आईचे दूध बंद करायचे! पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान आणि त्यानंतर पूरक आहारासह दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. कामावर जाणाऱ्या आईलाही ती पाळता येते, कारण दिवसाच्या चोवीस तासांपैकी ती आठ-दहा तासच बाहेर असते. सकाळची, संध्याकाळची, रात्रीची आणि सुटीच्या दिवसाची पाजणे तिच्याजवळच राहतात. काही बाळे दिवसा थोडेसेच पिऊन आई आल्यावर आणि रात्री ती तूट भरून काढतात. आईच्या झोपेला ते जड जाते हे खरे. पण बाळ दिवसा कमी प्यायले म्हणजे उपाशी राहिले, असा अर्थ त्यातून काढू नये. खूण सोपी आहे. चोवीस तासांत सहा किंवा अधिक दुपटी नीट भिजत असतील, बाळ तरतरीत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पोचते आहे. दुपटी कमी भिजू लागली, बाळ मलूल दिसू लागले किंवा वजन अडले, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

मग बाटलीवाचून दूध कसे द्यायचे? उत्तर बहुतेक मराठी घरांत आधीच येऊन पडलेले असते. बारशाला आजोळहून किंवा आत्याकडून चांदीची वाटी-चमचा येतो. कोठे चांदीचे, कोठे पितळेचे बोंडलेही असते. वाटी मखमली डबीतून कपाटात जाते आणि दुकानातून बाटली येते. बोंडले म्हणजे एका बाजूला निमुळती चोच असलेले छोटे भांडे. दक्षिणेत त्याच घडणीच्या भांड्याला पलाडाई म्हणतात आणि भारतातल्या अनेक नवजात अतिदक्षता विभागांत परिचारिका आजही त्याने किंवा वाटी-चमच्याने कमी वजनाच्या बाळांना पाजतात. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातली पहिली मानली जाते. अशा पेढ्यांतले दूध ज्या इवल्या बाळांसाठी असते, त्यांना ते पाजायला नळी, वाटी, चमचा हीच साधने असतात. दीड किलोच्या बाळाला जे साधन चालते ते सहा किलोच्या बाळाला चालणार नाही, असे मानण्याला काही आधार नाही.

रीत मात्र जुनी जशीच्या तशी उचलू नये. पूर्वी पायांवर आडव्या निजवलेल्या बाळाच्या तोंडात बोंडल्याने दूध किंवा घुटी ओतली जाई. बाळ ठसकले तर पाठ थोपटली जाई. ती ओतण्याची पद्धत धोक्याची आहे, दूध श्वासनलिकेत जाऊ शकते. बोंडल्याच्या चोचीत दुधाचा थर राहतो, तोही नीट घासला जात नाही. उघड्या तोंडाची, गुळगुळीत काठाची छोटी वाटी त्याहून बरी.

वाटीने पाजण्याची नेमकी कृती अशी. बाळाला मांडीवर जवळपास ताठ बसवायचे, एका हाताने मान आणि खांदे सावरायचे, हात मध्ये येऊ नयेत म्हणून दुपट्यात सैलसर गुंडाळायचे, गळ्याशी लाळेरे बांधायचे. वाटी अर्धी भरायची. तिचा काठ खालच्या ओठावर अलगद टेकवायचा आणि दूध वरच्या ओठाला जेमतेम लागेल इतकीच ती कलती करायची. मग थांबायचे. तीन-चार सेकंदांत बाळाची जीभ बाहेर येते, दुधाला लागते, आत जाते. लहान बाळ मांजराच्या पिल्लासारखे लपलप करते, मोठे बाळ ओठ जुळवून घुटका घेते. दोन-चार घुटक्यांनंतर ते थांबते. तेव्हा वाटी तशीच कलती धरून ठेवायची, ओतायचे मात्र नाही. तोंड फिरवले की संपले. पहिल्या दिवशी निम्मे दूध लाळेऱ्यावर सांडते. आठवड्याभराने सांडणे बरेच कमी होते आणि पाजणाऱ्याचा हातही बसतो. चमचा वापरायचा तरी नियम तोच: चमचा खालच्या ओठावर टेकवायचा, आतले दूध बाळाला स्वतः ओढू द्यायचे.

या पद्धतीवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, फार वेळ लागतो. सुरुवातीला लागतो, पण सहा-सात बाटल्या-निपले उकळण्याचा, झाकणाच्या आट्यांतून ब्रश फिरवण्याचा आणि रोजच्या रडारडीचा वेळही हिशेबात धरला तर पारडे तेवढे झुकत नाही. दुसरा, दूध सांडते आणि काढलेल्या दुधाचा थेंबन् थेंब मोलाचा असतो. हा आक्षेप खरा आहे. म्हणून एकदम शंभर मिली न ओतता वाटीत थोडे थोडे घ्यावे आणि शिकण्याचे पहिले दिवस आई घरी असतानाच उरकावेत. तिसरा, पाळणाघरातल्या ताईंना एका वेळी चार मुले सांभाळायची असतात, त्या वाटी घेऊन बसणार कशा? पण ज्या पाळणाघरात एका बाळाला पंधरा मिनिटे मांडीवर घ्यायला कोणी मोकळे नसते, तेथे बाटली उशीला टेकवून बाळाच्या तोंडात दिली जाण्याची शक्यताच जास्त असते. ते ठसका लागण्याला आणि कानाच्या दुखण्याला आमंत्रण असते. वाटीचा एक गुण असा की ती कोणाला तरी हातात धरावीच लागते.

स्वच्छतेचा मुद्दा स्वतंत्रपणे मांडायला हवा. लंडनच्या ‘वॉर ऑन वाँट’ संस्थेने १९७४ मध्ये दुग्धपर्यायांच्या विक्रीविरुद्ध ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने दुग्धपर्यायांच्या विपणनाची आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. त्या वादाच्या मुळाशी पावडरीचे दूध, ते कालवायला वापरलेले दूषित पाणी आणि पैसे वाचवण्यासाठी पातळ केलेले मिश्रण होते. आईचे काढलेले दूध बाटलीत घातले म्हणजे तेच संकट ओढवले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण निपलच्या टोकाशी आणि झाकणाच्या आट्यांत साचणारा दुधाचा थर दोन्ही ठिकाणी सारखाच आंबतो. पिण्याचे पाणी दिवसाआड येते तेथे, किंवा ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीवर, निपल-बाटली रोज तीनदा उकळणे ही कल्पनाच राहते. वाटीला कोपरे नसतात. साबण-पाण्याने घासली, उकळत्या पाण्यातून काढली की काम झाले. मळ राहिला तर डोळ्यांना दिसतो.

साधन कोणतेही असो, दुधाचा हिशेब आधी लागतो आणि बहुतेक घरांत तो चुकतो. एक ते सहा महिन्यांच्या दरम्यान निव्वळ अंगावर पिणारे बाळ चोवीस तासांत सरासरी ७५० ते ८०० मिली दूध पिते, आणि पावडरीच्या डब्यावरच्या तक्त्याप्रमाणे हा आकडा महिन्यागणिक चढत जात नाही. आई दहा तास बाहेर असेल तर लागते साधारण ३०० मिली. स्वयंपाकघरातल्या लहान वाटीने तीन वाट्या. आजी २०० मिलीची बाटली भरून ठेवते, बाळ ८० वर थांबते आणि ‘पीतच नाही’ असा निरोप ऑफिसात जातो. बाळ पुरेसे प्यायलेले असते. मोठी असते ती बाटली.

काढलेल्या दुधाच्या चवीकडेही बघायला हवे. काही आयांच्या दुधात लायपेज या विकराचे काम जास्त जोरात चालते. फ्रिजमध्ये राहिलेल्या दुधाला त्यामुळे साबणासारखा वास येतो. दूध खराब झालेले नसते, पण बाळ ते नाकारते आणि दोष बाटलीवर किंवा वाटीवर जातो. परीक्षा सोपी: ताजे काढलेले दूध त्याच वाटीने द्यावे. ते घेतले आणि साठवलेले नाकारले, तर कारण वास आहे. अशा वेळी दूध काढल्यावर लगेच, कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंतच गरम करून, उकळू न देता झटकन गार करून साठवले की वास येत नाही. दुधातले काही संरक्षक घटक यात कमी होतात, म्हणून हा उपाय गरज असेल तेथेच करावा.

साठवणीचे नियम थोडे आहेत. २५ अंशांपर्यंतच्या तापमानात काढलेले दूध चार तास टिकते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तेथे ते लगेच फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात जायला हवे. फ्रिजच्या आतल्या भागात, दारात नव्हे, ते चार दिवस चालते. वीज जात-येत असेल तर एक-दोन दिवसांतच वापरावे. गरम करायचे ते कोमट पाण्याच्या भांड्यात डबी ठेवून. मायक्रोवेव्हमध्ये ते ठेवू नये, कारण वरून कोमट लागणाऱ्या दुधात मध्येच कढत भाग राहतात. बाळाचे उष्टे दूध दोन तासांनंतर ठेवू नये, आणि एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये.

इतके असूनही काही घरांत बाटलीच योग्य ठरते. पाजणाऱ्या आजीचा हात कापतो, तिला वाटी कलती धरणे जमत नाही. आईला रात्रपाळी आहे. बाळाला वाटीने वारंवार ठसका लागतो. तेथे बाटलीला विरोध करणे हाही हट्टच. फक्त ती बाळाच्या चालीने द्यावी. रजा संपण्याआधी दोन-तीन आठवडे सुरुवात करावी. बाळ उभट बसलेले, बाटली जवळपास आडवी, निपलमध्ये दूध अर्धेच. निपल वरच्या ओठाला लावून थांबावे. तोंड मोठे उघडले तरच आत जाऊ द्यावे, कोंबू नये. आठ-दहा घोटांनंतर बाटली खाली कलती करून श्वास घेऊ द्यावा. ओठांच्या कडेने दूध गळणे, कपाळाला आठ्या, हाताची बोटे ताठ फाकणे, घाईघाईने गटगट गिळणे, या प्रवाह जास्त असल्याच्या खुणा. बाटली आईऐवजी बाबांनी किंवा आजीने, आई नेहमी पाजते त्या जागेपासून दूर, बाल्कनीत किंवा फेऱ्या मारता मारता दिली तर अनेक बाळे चटकन घेतात. काही मात्र आईच्याच मांडीवर घेतात. संपलीच पाहिजे असा आग्रह कोणीही धरू नये.

राहिला प्रश्न वेळेचा, आणि ‘लवकर सवय लावा’ या आग्रहाला तोच सर्वांत सडेतोड उत्तर देतो. प्रसूती लाभाच्या १९६१ च्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ आठवडे झाली. त्यातले आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले तरी १८ उरतात. म्हणजे बाळ चार ते सहा महिन्यांचे असताना आई कामावर परतते. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर, तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा, याही तरतुदी त्याच चौकटीतल्या. बाळाला बाटली शिकवण्यासाठी घर जेवढा जोर लावते, त्याच्या चौथाईने जरी या सुट्ट्या आणि दूध काढायला दार लावता येईल अशी एक खोली मागितली, तर अर्धा प्रश्न मिटतो. एसटीच्या अनेक स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत. कार्यालयांत ते क्वचित सापडतात. घरकाम, शेतमजुरी, दुकानातली नोकरी करणाऱ्या बहुतेक स्त्रियांपर्यंत ही रजा पोचत नाही हे खरे. पण त्यांच्यासाठी वाटीची बाजू आणखी भक्कम होते, कारण उकळायला इंधन आणि सवड त्यांनाच सर्वांत कमी असते.

ज्यांना रजा मिळते त्यांचे बाळ आई कामावर जाईपर्यंत उष्टावणीच्या उंबरठ्यावर असते. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण, नाचणीचे सत्त्व सुरू झाले की दिवसाच्या दुधाची मागणी हळूहळू उतरू लागते. आठ-नऊ महिन्यांचे मूल पेला दोन्ही हातांनी ओढते. आणि दातांच्या काळजीने व बाटलीतले दूध पोटभर पिऊन जेवण टाळण्याच्या भीतीने बालरोगतज्ज्ञ वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान बाटली सोडवायला सांगतात. तेव्हा घरात पुन्हा तेच रडे, फक्त आता बाटली सुटत नाही म्हणून. पाचव्या महिन्यात महिनाभर झगडून जी सवय लावायची, ती वर्षभरात पुन्हा झगडून मोडायची असते. वाटीने प्यायला शिकलेल्या मुलाला मोडावी लागेल अशी सवयच लागलेली नसते. ते वाटीवरून पेल्यावर येते.